सिंथेटिक ऑइलने रिंगा बसत नाहीत? खुलासा
इंजिनचं काम केल्यावर सिंथेटिक (रसायनांपासून बनवलेलं इंजिन ऑइल) टाकलं की पिस्टनच्या रिंगा बसतच नाहीत, म्हणजे सिलिंडरच्या भिंतीला घट्ट जुळत नाहीत, हे वर्षानुवर्षं सांगितलं जातंय पण ते खरं नाही. १९९२ पासून शेवरलेची कॉर्वेट ही स्पोर्ट्स कार कारखान्यातूनच सिंथेटिक भरून येते, तिच्या रिंगा व्यवस्थित बसतात. रिंग बसते होनिंगच्या (सिलिंडरची भिंत घासून घेण्याच्या) तिरक्या बारीक रेघांवर आणि तिला भिंतीवर दाबतो जळणाऱ्या गॅसचा दाब, म्हणून तासन्‌तास आयडलवर ठेवू नका, मध्यम लोडवर चालवा, आरपीएम वरखाली होऊ द्या. खरी काळजी कॅमची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची! जुना फ्लॅट टॅपेट (कॅमवर घासत चालणारा सपाट तळाचा भाग) असेल तर झिंक-फॉस्फरस जास्त असलेलं ऑइलच हवं, नाहीतर कॅमचा लोब (उंचवटा) सुरुवातीच्या काही मिनिटांतच खरवडतो. पहिलं ऑइल फिल्टरसकट लवकर काढा, त्यात धातूचा चमचमता चुरा दिसेल.