इस्टेट ड्यूटी आणि वारसा कर: मागे किती राहिलं, की कुणाला किती मिळालं?

एप्रिल २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, 'वारसा कर' हा शब्द घराघरांत पोचला. काँग्रेसचे सॅम पित्रोदा यांनी अमेरिकेचा दाखला दिला आणि पुढचे कित्येक दिवस एकच वाद रंगला: आईवडिलांनी आयुष्यभर जमवलेलं सरकारने का घ्यावं? त्या गदारोळात एक साधी गोष्ट फारशी कुणी सांगितली नाही. अमेरिकेचं केंद्र सरकार वारसा कर घेतच नाही, ते इस्टेट टॅक्स घेतं. आपल्याकडे एकेकाळी होता तोही वारसा कर नव्हता, ती इस्टेट ड्यूटी होती.

हा नावांचा काथ्याकूट नाही. दोन्ही कर माणूस गेल्यावरच लागतात, दोन्ही त्याच्याच मालमत्तेवर लागतात, पण ते दोन वेगळे प्रश्न विचारतात. इस्टेट ड्यूटी विचारते, गेलेल्या माणसाने मागे एकूण किती ठेवलं? वारसा कर विचारतो, त्यातलं तुझ्या हातात किती आलं? पहिल्यात गेलेल्या माणसाची सगळी मालमत्ता एकत्र मोजायची, त्यातून त्याची देणी वजा करायची, माफीची मर्यादा सोडून उरलेल्यावर कर घ्यायचा आणि मग वाटणी. दुसऱ्यात आधी वाटणी, मग प्रत्येक वारसाचा वेगळा हिशेब. वारस जितके, तितके करदाते.

आपल्या राज्यघटनेने हा फरक आधीपासूनच जपला आहे. सातव्या अनुसूचीतल्या केंद्र सूचीत ८७ वी नोंद इस्टेट ड्यूटीची आहे आणि ८८ वी नोंद उत्तराधिकाराने मिळणाऱ्या मालमत्तेवरच्या शुल्काची. दोन्हींतून शेतजमीन वगळली आहे, कारण शेतजमिनीवरची हीच दोन शुल्कं राज्य सूचीत ४७ आणि ४८ या नोंदींत आहेत. दोन्ही एकच असते तर घटनाकारांनी चार नोंदी कशाला केल्या असत्या?

आकड्यांत पाहिलं की फरक चटकन कळतो. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका बाईंच्या मागे ४ कोटींची मालमत्ता राहिली. इस्टेट ड्यूटीचा नियम असा धरू, की पहिलं १ कोटी माफ आणि उरलेल्यावर २० टक्के. कर झाला ६० लाख. त्यांना एक मुलगी असो की चार मुलं, आकडा हलत नाही. आता तोच दर आणि तीच माफी वारसा कराला लावू, म्हणजे प्रत्येक वारसाला पहिलं १ कोटी माफ. एकुलत्या एका मुलीला पुन्हा ६० लाखच भरावे लागतील. चार मुलं असतील तर प्रत्येकाला १ कोटी मिळेल आणि कर शून्य होईल. तीच संपत्ती, तोच दर, पण कर किती ते घरात माणसं किती यावर ठरतं. म्हणून वारसा कर संपत्ती जास्त हातांत वाटायला उत्तेजन देतो. इस्टेट ड्यूटीला कोण किती घेऊन गेलं याच्याशी देणंघेणं नसतं.

नावं मात्र जगभर फसवी आहेत. ब्रिटनमध्ये १९८६ पासून या कराचं नाव 'इनहेरिटन्स टॅक्स' आहे, पण हिशेब सगळा इस्टेटीचा: ३ लाख २५ हजार पौंडांची मूळ मर्यादा, त्यावर ४० टक्के, पतीपत्नींनी एकमेकांना दिलेलं माफ. दक्षिण कोरियातही नाव वारशाचं आणि मोजणी एकूण मालमत्तेची. अमेरिकेत केंद्राचा इस्टेट टॅक्स ४० टक्के आहे, पण २०२६ पासून माणशी दीड कोटी डॉलरपर्यंत तो लागतच नाही, त्यामुळे फार थोड्या घरांशी त्याचा संबंध येतो. खरा वारसा कर तिथे मोजक्याच राज्यांत आहे. मेरीलँडमध्ये तर दोन्ही आहेत. युरोपातल्या बहुतेक देशांत, जिथे असा कर आहे तिथे, तो वारसाकडून घेतला जातो. जर्मनी, फ्रान्स, आयर्लंड ही ठळक नावं.

आता घरात काय होतं ते पाहू. माझ्या मते हाच या विषयाचा गाभा आहे.

इस्टेट ड्यूटी असते तिथे कुटुंबाच्या तोंडी येणारं पहिलं वाक्य असतं, 'बाबांच्या कष्टाचं सरकारने नेलं.' कर्ता गेलेला माणूस असतो, कष्ट त्याचे असतात, आणि तो उत्तर द्यायला हयात नसतो. अमेरिकेत या कराच्या विरोधकांनी त्याला 'डेथ टॅक्स', मरणावरचा कर, असं नाव दिलं. ते चिकटलं, कारण हिशेब खरोखरच मेलेल्या माणसाच्या नावाने होतो. वारसा करात हेच वाक्य 'मला जे मिळालं त्यावर मला कर पडला' असं बदलावं लागतं. हे म्हणताना माणूस क्षणभर थबकतो, कारण मिळालेलं त्याने स्वतः कमावलेलं नसतं. कराची रक्कम तीच असली तरी दुखणं वेगळं होतं. एकोणिसाव्या शतकात इंग्रज तत्त्वज्ञ जॉन स्टुअर्ट मिल यांनी हेच हेरलं होतं. माणसाने काय मागे ठेवावं यावर बंधन नको, पण एखाद्याला आयतं किती मिळावं याला मर्यादा हवी, असं त्यांचं म्हणणं होतं.

'एकदा कर भरलेल्या पैशावर पुन्हा कर का?' हा प्रश्न दोन्हींना विचारला जातो आणि तो मनापासून विचारला जातो. पगारातून साठवलेल्या ठेवीच्या बाबतीत तो रास्तच आहे. पण मोठी संपत्ती बहुधा ठेवीत नसते. चाळीस वर्षांपूर्वी घेतलेली जागा किंवा शेअर कितीही पट वाढले, तरी विकले नाहीत तोवर त्या वाढीवर कर लागत नाही. अमेरिकेत तर वारसासाठी मालमत्तेची किंमत मृत्यूच्या दिवसापासून नव्याने धरतात, म्हणजे आधीची वाढ भांडवली नफ्याच्या हिशेबातून कायमची सुटते. कॅनडाने १९७२ मध्ये केंद्राचा इस्टेट टॅक्स रद्द केला आणि वेगळीच वाट धरली: माणूस गेला की त्याची मालमत्ता त्या दिवशी विकली असं मानायचं आणि वाढीवरचा कर वसूल करायचा. हा इस्टेट टॅक्सही नव्हे आणि वारसा करही नव्हे. मला तो 'दोनदा कर' या आक्षेपाला दिलेला सगळ्यात सरळ जबाब वाटतो.

इस्टेट ड्यूटीतून निघणारं भांडण सहसा मृत्युपत्र उघडल्यावर दिसतं. समजा मृत्युपत्रात लिहिलंय: भाचीला ठरावीक रक्कम, जुन्या मित्राला ठरावीक रक्कम, उरलेलं सगळं मुलाला. कर एकूण मालमत्तेवर लागला, पण तो सोसायचा कुणी? ब्रिटनमध्ये मृत्युपत्रात वेगळं काही लिहिलं नसेल तर अशा ठरावीक देणग्या पूर्ण पोचतात आणि कर उरलेल्या भागातून जातो. म्हणजे भाचीच्या वाट्याचा करही मुलगा भरतो. वडिलांच्या मनात तसं नसेलही, त्यांनी फक्त ती ओळ लिहिली नाही. त्या न लिहिलेल्या ओळीवरून भावाबहिणींत वर्षानुवर्षांचा अबोला धरला जाऊ शकतो.

वारसा करात हे भांडण होत नाही, कारण ज्याचं त्याने भरायचं. तिथे दुसरीच, जास्त खोल जखम होऊ शकते. वारसा कर नातं विचारतो. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात नवराबायकोला शून्य, मुलांना साडेचार टक्के, भावाबहिणींना १२ टक्के आणि बाकी सगळ्यांना १५ टक्के. जर्मनीत जोडीदाराला ५ लाख युरोपर्यंत माफी, मुलाला प्रत्येक पालकाकडून ४ लाखांपर्यंत, पण भावाला, भाचीला किंवा लग्न न करता आयुष्यभर सोबत राहिलेल्या जोडीदाराला फक्त २० हजार. फ्रान्समध्ये नात्याबाहेरच्या माणसाला ६० टक्के.

यामागचा विचार समजतो. मुलाबाळांसाठी जमवणं ही माणसाची स्वाभाविक ओढ आहे, तिला कमी झळ बसावी. पण ज्या भाचीने शेवटची दहा वर्षं मावशीचं पथ्यपाणी, औषधं, रात्रीची जागरणं सगळं केलं, ती कायद्याच्या लेखी दूरची. दहा वर्षांत एकदाही न फिरकलेला मुलगा जवळचा. मगाचंच उदाहरण पुढे नेऊ: ४ कोटी चार मुलांना दिले तर कर शून्य होता. तेच चार भाच्यांना दिले आणि त्यांची माफी १० लाख, दर ३० टक्के धरला, तर प्रत्येकीला ९० लाखांवर २७ लाख, म्हणजे एकूण १ कोटी ८ लाख. वारसा कर मला दोघांत जास्त न्याय्य वाटतो हे मी लपवत नाही. पण आपलं माणूस कोण हे ठरवण्याचा अधिकार तो सरकारी तक्त्याला देतो, आणि हा त्याचा खरा दोष आहे. इस्टेट ड्यूटी मुलगा आणि भाची असा भेद सहसा करत नाही.

दोन्ही करांना एक पळवाट समान आहे: जिवंतपणीच देऊन टाकणं. म्हणून सगळे कायदे मागे वळून पाहतात. ब्रिटनमध्ये दिल्यानंतर ७ वर्षं जगलात तर ती भेट कराबाहेर. जर्मनीत माफीची मर्यादा दर १० वर्षांनी नव्याने मिळते, फ्रान्समध्ये १५ वर्षांनी. आपल्या जुन्या इस्टेट ड्यूटीत हा काळ साधारण २ वर्षांचा होता. पण कर वाचवण्याच्या या घाईत एक गोष्ट मागे पडते. घर मुलाच्या नावावर केलं की ते मुलाचं झालं. उद्या त्याचं कर्ज, त्याचा घटस्फोट, त्याचं बदललेलं मन, सगळं त्या घराला लागू. हातपाय चालतात तोवर सगळं देऊन मोकळं होणाऱ्या आईवडिलांबद्दल मला कायम काळजी वाटते. वाचलेल्या कराचा आकडा सांगता येतो, डोक्यावरचं छप्पर आपल्या नावावर असण्याची किंमत आकड्यात येत नाही.

एवढा वाद असूनही सरकारांच्या हाती यातून फारसं पडत नाही. ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या २०२१ च्या अहवालानुसार, सदस्य देशांपैकी ज्यांच्याकडे असे कर आहेत त्यांनाही एकूण कर महसुलाच्या सरासरी अर्धा टक्काच यातून मिळतो. स्वीडनने २००४ च्या अखेरीस हा कर रद्द केला, नॉर्वेने २०१४ मध्ये.

उलट दक्षिण कोरियात कर टिकला, पण तो एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात न्यायचा प्रस्ताव पुढे आला. तिथला सर्वोच्च दर ५० टक्के. सॅमसंगचे प्रमुख ली कुन-ही ऑक्टोबर २०२० मध्ये गेले आणि त्यांच्या कुटुंबाने १२ लाख कोटी वॉनहून जास्त कर पाच वर्षांत हप्त्यांनी भरण्याचं जाहीर केलं. पण खरी ओरड मध्यमवर्गातून आली. राहत्या घरांच्या किमती वाढल्या, माफीची मर्यादा तिथेच राहिली, आणि साधी कुटुंबंही कराच्या कक्षेत आली. मार्च २०२५ मध्ये तिथल्या सरकारने प्रस्ताव मांडला, की एकूण मालमत्तेवर नव्हे तर प्रत्येक वारसाच्या वाट्यावर कर मोजावा. दर न बदलताही यामुळे अनेक घरांचा भार हलका होईल, कारण चढत्या दराच्या पायऱ्या प्रत्येक वारस खालपासून चढेल.

जपानने दोन्हींचं मिश्रण केलं आहे. मूळ माफी ३ कोटी येन, त्यात कायदेशीर वारसामागे ६० लाख येनची भर. आधी मालमत्ता कायद्याच्या वाट्यांप्रमाणे वाटली असं धरून एकूण कर काढतात आणि मग ज्याला प्रत्यक्षात जितकं मिळालं त्या प्रमाणात तो वाटून देतात.

भारतात इस्टेट ड्यूटी १५ ऑक्टोबर १९५३ पासून लागू झाली. पुढे २० लाखांवरच्या मालमत्तेला दर ८५ टक्क्यांपर्यंत गेला. १९८५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्री विश्वनाथ प्रताप सिंग यांनी ती रद्द केली. वसुली साधारण २० कोटींची, त्या मानाने प्रशासनाचा खर्च जास्त, विषमता कमी करण्याचा हेतूही साधला नाही, आणि त्याच मालमत्तेवर संपत्ती कर वेगळा चालूच, अशी कारणं त्यांनी दिली. संपत्ती कर पुढे २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला.

आज आपल्याकडे मृत्युपत्राने किंवा वारसाहक्काने मिळालेल्या मालमत्तेवर कर नाही. तरी लोक सांगतात, 'वडिलांचं घर विकलं आणि वारसा कर भरावा लागला.' तो भांडवली नफ्यावरचा कर असतो, आणि वडिलांनी ज्या किमतीला घेतलं त्या किमतीपासून तो मोजतात. वारशाने आलेल्या ठेवीचं व्याज आणि घराचं भाडं यांवर लागतो तो साधा आयकर. गेलेल्या माणसाचं शेवटच्या वर्षाचं विवरणपत्र कायदेशीर वारसाने भरायचं असतं, पण तो कर त्या माणसाच्या हयातीतल्या उत्पन्नावरचा.

पुन्हा निवडणूक येईल आणि 'वारसा कर आणणार का' हा प्रश्न कुणी विचारेल, तेव्हा उलट विचारावं: कुठला? ८७ व्या नोंदीतला कर आपण एकतीस वर्षं घेऊन पाहिला आहे. ८८ व्या नोंदीचा कायदा संसदेने अजून एकदाही केलेला नाही.