न्यूमोनियाच्या रुग्णाच्या पोटातून रक्त का येतं?

न्यूमोनियासाठी आयसीयूत ठेवलेल्या रुग्णाच्या नाकातून पोटात घातलेल्या नळीतून अचानक कॉफीच्या चोथ्यासारखं काळपट पाणी येऊ लागतं आणि नातेवाईक हादरतात. ‘पोटाचा त्रास कधीच नव्हता, टेन्शनने अ‍ॅसिड वाढलं असणार,’ असं ठरवून टाकतात. बहुतेक वेळा तसं नसतं. आम्ल नेहमीएवढंच असतं. आटलेला असतो जठराचा रक्तपुरवठा.

जठराच्या पोकळीत पीएच (आम्लतेचं माप; जितका कमी, तितकं तीव्र आम्ल) १ ते २ असतो, पण अस्तराला अगदी लागून तो ७ च्या आसपास राहतो. मध्ये असतो मिलिमीटरहूनही पातळ असा चिकट थर आणि त्यात मुरलेलं बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल मारणारा क्षार. ते येतं कुठून? मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटतं ते हेच. आम्ल बनवणारी पेशी प्रोटॉन पंपाने हायड्रोजन आयन, म्हणजेच आम्ल, पोकळीत ढकलते, तेव्हा त्याच्या जोडीचा बायकार्बोनेट आयन मागच्या बाजूने रक्तात सोडते. तिथल्या केशवाहिन्या खालून वर अस्तराकडे जातात आणि तो पृष्ठभागावरच्या पेशींना पोचवतात. आम्ल बनवणारी पेशीच त्यावरचा उतारा धाडते, पण तो वाहून न्यायला रक्त हवं.

न्यूमोनिया बळावून सेप्सिस (संसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागणं) किंवा शॉक झाला आणि रक्तदाब घसरला की मेंदू आणि हृदय वाचवण्यासाठी शरीर पोटाकडच्या धमन्या आवळतं. बायकार्बोनेट पोचत नाही, झिजलेल्या पेशींच्या जागी नव्या येत नाहीत. मग नेहमीचंच आम्ल अस्तरात झिरपतं, उथळ व्रण पडतात. रक्ताची गुठळी धरली तरी पेप्सिन हे जठरातलं पाचक द्रव्य ती विरघळवतं. म्हणून रक्तदाब सावरणं हा पहिला उपाय. आम्ल कमी करणारं औषध त्याच्या जोडीला.

ते कोणाला द्यायचं? १९९४ मध्ये कॅनडातल्या डॉक्टर डेबोरा कुक यांच्या गटाने आयसीयूतले २,२५२ रुग्ण तपासले. गंभीर रक्तस्राव सुमारे दीड टक्का रुग्णांतच झाला. धोका मुख्यतः ४८ तासांहून जास्त व्हेंटिलेटरवर असलेल्यांना आणि रक्त नीट न गोठणाऱ्यांना होता. २०२४ च्या ‘रिव्हाइज’ चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या ४,८२१ रुग्णांपैकी पँटोप्राझोल हे आम्ल कमी करणारं औषध मिळालेल्यांत असा रक्तस्राव १ टक्का झाला, इतरांत ३.५ टक्के. मृत्यूंच्या प्रमाणात मात्र ठोस फरक दिसला नाही.

 

आणि रुग्ण घरी येताना डिस्चार्ज कार्डावर आम्ल कमी करणारी ही गोळी लिहिलेली असेल, तर ती कधी बंद करायची हे डॉक्टरांना तिथेच विचारा. आयसीयूपुरती सुरू झालेली गोळी अनेक घरांत वर्षानुवर्षं चालू राहते.