नारेगाव ते मिटमिटा : एका कचराकोंडीची पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरात सकाळी घंटागाडी दाराशी येते आणि ओला व सुका कचरा वेगवेगळा मागते. नव्याने राहायला आलेल्यांना हा महापालिकेचा नेहमीचा रिवाज वाटतो. प्रत्यक्षात त्यामागे २०१८ ची कचराकोंडी, म्हणजे कचरा टाकायला जागाच न उरल्याने तो शहरात साचून राहण्याची वेळ, आहे, आणि त्या कोंडीमागे तीन दशकांहून अधिक काळाची टाळाटाळ आहे.

मराठवाड्यातील खेड्यात कचऱ्याचा वेगळा विचार करण्याची वेळ फारशी आली नव्हती. शेण, चुलीतली राख, पाचोळा, भाजीची देठे हे सारे उकिरड्यावर पडे, वर्षभर कुजे आणि मृगाच्या आधी बैलगाडीने शेतात जाई. बारा वर्षांनी उकिरड्याचेही दिवस पालटतात, असे आपण म्हणतो. गावचा उकिरडा मात्र दर उन्हाळ्याला पालटत असे. शहरात आलेल्या कुटुंबांनी कचरा एका जागी टाकण्याची सवय सोबत आणली, पण तो जिरवणारे शेत मागेच राहिले. त्यातच कॅरीबॅग आली. शिळी भाजी, दुधाची पिशवी, औषधाची बाटली आणि लहान मुलाचे डायपर एकाच पिशवीत गाठ मारून बाहेर पडू लागले, आणि अशा पिशवीतून खत निघत नाही.

चिकलठाणा आणि वाळूजच्या औद्योगिक वसाहतींमुळे शहर झपाट्याने वाढले. १९८२ मध्ये नगरपालिकेची महानगरपालिका झाली. गोळा होणारा कचरा नारेगाव-मांडकी परिसरातील डेपोवर नेऊन ओतला जाई. त्यावर प्रक्रिया जवळजवळ नव्हतीच. ढिगावर ढीग चढत गेला, उन्हाळ्यात तो पेटे आणि धूर आसपासच्या घरांत शिरे. आपला कचरा शहराबाहेर गेला म्हणजे संपला, अशी शहरवासीयांची समजूत होती. त्या ‘बाहेर’ माणसे राहत होती, त्यांच्या विहिरी होत्या, गोठे होते, याची दखल आपण घेतली नाही, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील सर्वांत मोठी चूक तीच होय.

कायदा नव्हता असे नाही. पर्यावरण कार्यकर्त्या अलमित्रा पटेल यांनी १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेल्या जनहित याचिकेनंतर २००० साली नागरी घनकचऱ्याचे नियम आले. त्यांत कचऱ्याच्या वर्गीकरणावर भर होता आणि प्रक्रिया केंद्रे उभारण्यासाठी ३१ डिसेंबर २००३ ही मुदत होती. ती देशातल्या बहुतेक शहरांप्रमाणे येथेही उलटून गेली. २०१६ च्या नियमांनी घरातच ओला, सुका आणि घातक असे तीन भाग करण्याची जबाबदारी नागरिकांवर टाकली.

अखेर नारेगाव-मांडकी परिसरातील ग्रामस्थांचा संयम सुटला. ऑक्टोबर २०१७ मध्ये त्यांनी गाड्या अडवल्या. महापालिकेने मागून घेतलेली मुदत संपताच, १६ फेब्रुवारी २०१८ रोजी, नारेगावचा रस्ता कायमचा बंद झाला. मार्चमध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानेही तेथे कचरा टाकण्यास मनाई केली. पर्यायी जागा हाताशी नव्हती. गाड्या दुसऱ्या टोकाच्या मिटमिट्याकडे वळवल्या गेल्या आणि ७ मार्चला तेथे दगडफेक, जाळपोळ व लाठीमार झाला. पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर जावे लागले आणि पुढे महापालिका आयुक्तही बदलले. त्याच महिन्यात, २३ मार्चला, राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली.

पुढचे काही महिने शहराने आपलाच कचरा आपल्या डोळ्यांसमोर पाहिला. दुभाजकालगत, शाळांच्या भिंतीशी, भाजी मंडईच्या तोंडाशी ढीग साचले. कंपोस्टचे खड्डे खणले गेले, पण त्यांत टाकण्याआधी सफाई कामगार स्त्रियांना प्रत्येक पिशवीची गाठ सोडावी लागे. कुजलेल्या वरणभातातून फुटकी काच आणि वापरलेली ब्लेड उघड्या हातांनी वेगळी करणाऱ्या या स्त्रियांनी जे केले, ते प्रत्येक घरात दोन डबे ठेवल्यास दोन मिनिटांचे काम होते. काही वसाहतींतील गृहिणींनी आणि बचतगटांनी ते ओळखले. दारोदार जाऊन त्यांनी वर्गीकरण समजावून सांगितले.

चिकलठाणा, पडेगाव, हर्सूल आणि कांचनवाडी अशा चार दिशांना प्रक्रिया केंद्रांच्या जागा ठरल्या. एकाच गावावर सगळे ओझे न टाकता ते विभागण्याचा हा निर्णय मला योग्य वाटतो. कांचनवाडीत ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस तयार करण्याचा प्रकल्प उभारण्यात आला, आणि त्याला लागणारा ओला कचरा निर्भेळ असावा लागतो. त्यात प्लास्टिक आले की यंत्र अडते.