तिसऱ्या दिवसाचा पिवळा थर

सुंता होऊन दोन दिवस झालेले असतात. बाळ दूध पितं, झोपतं, सगळं सुरळीत. तिसऱ्या दिवशी आई लंगोट सोडते आणि तिच्या काळजात धस्स होतं. शिश्नाच्या टोकावर पिवळट, ओलसर साय धरलेली दिसते. "पू झाला गं!" म्हणत आजी कोमट पाण्यात कापूस बुडवते आणि ती साय पुसायला घेते.

नेमका इथे आजीचा हात धरायला हवा. पुसायला निघालेला तो थर हीच बाळाच्या शरीराने केलेली मलमपट्टी आहे.

ज्यू कुटुंबात मुलगा आठ दिवसांचा झाला की 'ब्रित मिला' म्हणजे सुंतेचा विधी होतो. तो करणाऱ्याला 'मोहेल' म्हणतात. अलिबाग, पेण, रेवदंडा या पट्ट्यात तेलाचे घाणे चालवणाऱ्या आणि शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या बेने इस्राएलांना, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यूंना, गावकरी 'शनिवार तेली' म्हणत. इतर ज्यूंशी शतकानुशतकं संबंध नसतानाही त्यांनी शनिवार सोडला नाही, तशी सुंताही सोडली नाही. त्यातले बहुतेक जण पुढे इस्राएलला गेले. त्यामुळे पिवळी साय पाहून घाबरणारी आजी आज लोद किंवा दिमोनामध्ये मराठीत बोलणारीही असू शकते.

आता हा थर येतो कुठून? नवजात मुलात टोकावरची कातडी आणि तिच्या आतला भाग एकमेकांना चिकटलेले असतात. सुंतेत कातडी कापतात आणि हे चिकटलेले पदरही सोडवतात. म्हणून जखम कापलेल्या कडेपुरती राहत नाही. आतला सगळा गुळगुळीत भाग सोललेल्या गुडघ्यासारखा उघडा पडतो आणि त्यातून रक्तातला द्रव, म्हणजे प्लाझ्मा, पाझरतो.

या प्लाझ्मात फायब्रिनोजेन नावाचं प्रथिन विरघळलेलं असतं. त्याचा रेणू लांबुळका, दोन्ही टोकांना आणि मधोमध फुगीर. मधल्या फुगवट्यावर चार छोटी टोपणं असतात. जखम झाली की थ्रॉम्बिन हे विकर तयार होतं आणि ही टोपणं छाटून टाकतं. टोपणांखाली खुंट्या असतात, आणि शेजारच्या रेणूंच्या टोकांना त्या खुंट्या बसतील अशा खाचा आधीपासूनच तयार असतात. खुंटी खाचेत बसते, रेणूला रेणू जुळतो, तेही भिंतीतल्या विटांसारखे अर्धे सरकून. बघता बघता धागा होतो आणि धाग्यांची जाळी होते. हीच फायब्रिन. शेवटी 'घटक १३' हे रक्त गोठवणारं आणखी एक प्रथिन येतं आणि धाग्यांना आडवे टाके घालून जाळी पक्की करतं. हा घटक जन्मतः नसलेल्या बाळांची नाळ पडताना रक्त थांबत नाही, इतके ते टाके मोलाचे.

गुडघ्यावर या जाळीत तांबड्या पेशी अडकतात, वरून वारा लागतो आणि काळपट खपली धरते. लंगोटाच्या ओलाव्यात, व्हॅसलिनखाली, जाळी वाळतच नाही. तांबड्या पेशीही फारशा नसतात. उरते प्लाझ्माच्या रंगाची मऊ, पिवळट साय. तिच्या आडोशाने नव्या त्वचेच्या पेशी कडेकडून सरकत येतात. साय ओरबाडली की त्याही निघतात आणि जखम पुन्हा पहिल्या दिवसावर जाते.

थ्रॉम्बिनचा विषय निघाला म्हणून, ते ज्यापासून बनतं त्या प्रोथ्रॉम्बिनबद्दलच्या एका दाव्याविषयी बोलायलाच हवं. 'आठव्या दिवशी बाळाच्या रक्तातलं प्रोथ्रॉम्बिन आयुष्यातल्या सर्वोच्च पातळीला, ११० टक्क्यांवर जातं, म्हणून धर्माने तोच दिवस निवडला' असं मोठ्या उत्साहाने सांगितलं जातं. हे खरं नाही. जन्मतः प्रोथ्रॉम्बिन मोठ्या माणसाच्या सुमारे निम्मं असतं आणि पुढे काही महिन्यांत हळूहळू वाढतं. आठव्या दिवशी कुठलंही शिखर नसतं. यकृत प्रोथ्रॉम्बिन बनवतं, पण त्याला कॅल्शियम पकडायचा चिमटा बसवायला 'के' जीवनसत्त्व लागतं. ते वारेतून बाळाकडे फार थोडं उतरतं आणि आईच्या दुधातही कमीच असतं. कोपनहेगनमध्ये हेन्रिक डाम या संशोधकांना १९२९ मध्ये चरबीविना वाढवलेल्या कोंबडीच्या पिल्लांना रक्तस्राव होताना दिसला, तिथून या जीवनसत्त्वाचा शोध लागला. १९४३ चं नोबेल त्यांना त्यासाठीच मिळालं. म्हणून जन्मल्यावर बाळाला 'के'चं इंजेक्शन मिळालं आहे ना, हे सुंतेआधी विचारून घ्या. परंपरेचा मान राखायला खोट्या आलेखाची गरज नाही.

तिच्यात खरं निरीक्षण भरपूर आहे. तालमूद या ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथात सिप्पोरी गावच्या चार बहिणींची हकीकत येते. तिघींचे मुलगे सुंतेनंतर दगावले, तेव्हा चौथीला सांगितलं गेलं की तू करू नकोस. दोष आईच्या बाजूने उतरतो हे त्यांनी ताडलं होतं. आज आपण त्याला हिमोफिलिया, म्हणजे रक्त नीट न गोठण्याचा आजार, म्हणतो. तो 'एक्स' गुणसूत्रावरून येतो. मात्र सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात तो आधी कुणालाच नसतो, त्यामुळे 'आमच्यात कुणाला नाही' यावर विसंबू नये.

काळजी तशी थोडकीच. मोहेलने बांधलेली पट्टी त्याने सांगितलेल्या वेळी काढायची. मग दर लंगोटाला व्हॅसलिनचा जाड हात द्यायचा, म्हणजे जखम कापडाला चिकटत नाही. शी लागली तर साध्या कोमट पाण्याने धुवायचं, चोळायचं नाही. हळद, राख, पावडर काही नको. मिश्नात, म्हणजे तालमूदचा पाया असलेल्या नियमसंग्रहात, या जखमेवर जिरं लावायला सांगितलं आहे, कुटलेलं नसेल तर दाताने चावून. त्या काळी हाताशी होतं ते त्यांनी वापरलं. आपल्याला तोंडातले जंतू ठाऊक आहेत. तोंडाने रक्त शोषण्याची रीतही काही ठिकाणी अजून आहे. न्यूयॉर्कमध्ये २००० ते २०११ या काळात तिच्याशी जोडलेल्या हर्पीस सिम्प्लेक्स या विषाणूच्या संसर्गाची ११ बाळं नोंदली गेली, त्यातली दोन वाचली नाहीत. ही रीत बंदच व्हायला हवी, असं मला वाटतं.

खरा पू वेगळा ओळखू येतो. तो वाहतो, घाण वास येतो, लाली आणि सूज टोकावरून खाली दांड्याकडे पसरते. अंगात ३८ अंश सेल्सिअस ताप, १२ तास लघवी नाही, किंवा लंगोटावरचा रक्ताचा डाग वाढतच चाललाय, तर सकाळची वाट पाहायची नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ गॉजने हलका, सलग दाब धरूनच डॉक्टरकडे निघायचं.

मिश्नात तिसऱ्या दिवशी बाळाला ऊन पाण्याने न्हाऊ घालायची मुभा आहे, शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा शनिवार, असला तरी, कारण तिसरा दिवस दुखण्याचा. त्या सुमाराला जखमेत सफाई करणाऱ्या पांढऱ्या पेशींची गर्दी असते. आता मात्र जखम भरेपर्यंत अंग नुसतं पुसून घेतात. आठवड्याभरात प्लाझ्मिन नावाचं दुसरं विकर जाळीचे धागे कातरायला लागतं. साय कडेने विरळ होते आणि एक दिवस लंगोट सोडल्यावर दिसतच नाही. खाली गुलाबी, कोरडी त्वचा असते. मग आजीने खुशाल न्हाणीघरात पाटावर बसावं आणि बाळाला पायांवर घ्यावं.