चेक : एका इंग्रजी शब्दाचे अर्थ आणि उगम

चेक हा इंग्रजी शब्द मराठीत रोजच्या बोलण्यात किमान चार अर्थांनी येतो. बँकेत वटतो तो चेक, दुचाकीच्या चाकातली हवा पाहणे म्हणजे हवा चेक करणे, शर्टाच्या कापडावरच्या चौकटी म्हणजे चेक्स आणि शहराच्या वेशीवर वाहने अडवली जातात तो चेकनाका. हे अर्थ एकमेकांपासून इतके लांबचे वाटतात की, मुळात निरनिराळे असलेले शब्द योगायोगाने सारखे उच्चारले जात असावेत, असा समज सहज होतो. प्रत्यक्षात या सर्वांचे मूळ एकच आहे आणि ते बुद्धिबळाच्या पटावर सापडते. प्रतिस्पर्ध्याचा राजा माऱ्यात आला की खेळाडू जो शब्द उच्चारतो, तोच हा शब्द. मराठीत तो मूळ रूपाच्या कितीतरी जवळ राहिला आहे : शह.

दोन्ही शब्द फार्सी ‘शाह’, म्हणजे राजा, या शब्दापासून आले. त्याचे प्राचीन फार्सी रूप ‘ख्शायथिय’ असे होते. इराणचा सम्राट पहिला दारियस याच्या बेहिस्तून येथील शिलालेखात (इ. स. पू. सुमारे 520) ‘राजांचा राजा’ या बिरुदात ते आढळते आणि ‘शहेनशाह’ हे त्याच बिरुदाचे पुढचे रूप आहे. त्यामागचा धातू ‘राज्य करणे’ या अर्थाचा असून संस्कृतातील ‘क्षत्र’ आणि ‘क्षत्रिय’ हे शब्द त्याच कुळातले आहेत. शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरील ‘शाहसूनोः’ या पदात शहाजीराजांच्या नावाच्या रूपाने हाच ‘शाह’ येतो, म्हणजे बँकेतल्या चेकचे आणि त्या मुद्रेवरील अक्षरांचे खरोखरच दूरचे नाते आहे.

भारतातील चतुरंग हा खेळ इराणात चतरंग आणि अरबांकडे शतरंज झाला. अरबांकडून तो युरोपात गेला, तेव्हा ‘शाह’ हा शब्दही लॅटिनमध्ये ‘स्काकस’ आणि जुन्या फ्रेंचमध्ये ‘एशेक’ अशा रूपांनी रुळला. चौदाव्या शतकापर्यंत तो इंग्रजीत ‘चेक’ म्हणून स्थिरावला होता. बुद्धिबळाचे इंग्रजी नाव ‘चेस’ हे त्याच फ्रेंच शब्दाच्या अनेकवचनातून घडले आहे. ‘चेकमेट’ म्हणजे ‘शाह मात’. अरबी क्रियापदाच्या आधारे त्याचा अर्थ ‘राजा मेला’ असा सांगितला जातो, तर फार्सीत ‘मात’ म्हणजे हतबल, दिङ्मूढ. पटावर राजा कधीच मारला जात नाही, तो कोंडला जातो, हे ध्यानात घेता दुसरा अर्थ अधिक पटतो. मराठीतील ‘मात करणे’ हेही याच खेळातून आलेले आहे.

शह बसला की खेळाडूला मनातला बेत बाजूला ठेवून आधी राजा वाचवावा लागतो. या अनुभवातून इंग्रजीत चेकला अडवणे, आवर घालणे असा अर्थ आला. आवर घालायचा तर लक्ष ठेवावे लागते आणि लक्ष ठेवायचे तर ताडून पाहावे लागते. अशा क्रमाने ‘तपासणे’ हा आज सर्वाधिक वापरला जाणारा अर्थ बराच उशिरा रूढ झाला. मराठी ‘शह’ मात्र अडवण्यापाशीच थांबला. राजकारणात शह-काटशह चालतात, पण कोणी हिशेबाला शह देऊन तो बरोबर आहे का हे पाहत नाही.

हिशेबाचा संबंध दुसऱ्या वाटेने आला. जुन्या फ्रेंचमध्ये बुद्धिबळाच्या पटाला ‘एशेकिए’ म्हणत. त्यावरून इंग्लंडच्या राजकोषाला ‘एक्स्चेकर’ हे नाव मिळाले आणि ब्रिटनचा अर्थमंत्री आजही ‘चान्सलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणवतो. राजकोषाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील कामकाजाचे तपशीलवार वर्णन लिहून ठेवले आहे. सुमारे 10 फूट लांब आणि 5 फूट रुंद मेज, सोंगट्या खाली पडू नयेत म्हणून त्याला चार बोटे उंच कड आणि वर रेघा आखलेले काळे कापड. या रकान्यांत पेनी, शिलिंग, पौंड, विसांचे पौंड, शेकडा, हजार अशी रक्कम सोंगट्यांनी मांडली जाई. 12 पेनींचा शिलिंग आणि 20 शिलिंगांचा पौंड असल्याने पेनीच्या रकान्यात बारावी सोंगटी येताच त्या सर्व उचलून शिलिंगाच्या रकान्यात एक ठेवायची. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणे जिकिरीचे होते आणि मेजावर मांडलेली रक्कम मात्र सर्वांना डोळ्यांनी दिसे. पटावर दोन राजे लढतात तसे येथे खजिनदार आणि वसुलीचा हिशेब द्यायला आलेला शेरिफ समोरासमोर झुंजतात, असे फिट्झनील म्हणतो. नावामागे केवळ चौकटींचे साम्य नव्हते, हे त्यावरून कळते.

बँकेच्या चेकचा जन्म अठराव्या शतकातला. आरंभी चेक म्हणजे रक्कम देण्याचा कागद नसून त्याची स्थळप्रत होती. मूळ कागदात कोणी खाडाखोड केली तर ती पडताळता यावी म्हणून ही प्रत जपून ठेवत. पुढे तिचे नाव मूळ कागदालाच चिकटले. ब्रिटिश लेखनात या अर्थासाठी वेगळे स्पेलिंग रुळले ते एक्स्चेकरच्या प्रभावाने. भारताने तेच घेतले आणि अमेरिकेने जुने ठेवले. तिथे तर उपाहारगृहाच्या बिलालाही चेक म्हणतात. अरबी ‘सक्क’ म्हणजे लेखी दस्त, आणि त्यावरूनच चेक आला असे पुष्कळदा लिहिले जाते. ध्वनिसाम्य मोहक आहे, पण स्थळप्रतीचा हा इतिहास पाहता ते मान्य करणे कठीण आहे.

कापडावरच्या चेक्स थेट पटाच्या चौकटींवरून आल्या. चेक प्रजासत्ताक आणि चेक भाषा यांचा मात्र या शब्दाशी काहीही संबंध नाही. ते एका स्लाव्ह लोकसमूहाचे नाव असून देवनागरीत केवळ लेखन सारखे होते.

शासकीय मराठीने चेकसाठी ‘धनादेश’ हा नेटका शब्द रूढ केला, तरी बोलण्यात चेकच वटतो आणि चेकच परत येतो. मुंबई-ठाण्याच्या सीमेवरील मुलुंड चेकनाक्यावर पूर्वी जकातीसाठी मालाची गाडी थांबवली जाई. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू होऊन मुंबईची जकात संपली, पण पत्ता सांगताना लोक अजूनही चेकनाकाच म्हणतात.