स्लॅबवर माती टाकली तर घर थंड होतं का?

आमच्या गावात हळूहळू धाब्याची (मातीच्या सपाट छताची) अन् कवेलूची (कौलांची) घरं गेली, स्लॅब आले, आणि तेव्हापासून मे महिन्यात रात्री घरात झोपणं मुश्कील झालं, हे कोणत्याही घरी विचारून पहा. चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा ४६-४७ ला टेकतो ते तर आहेच, पण दुपार कशीतरी निघून जाते, खरा त्रास रात्री अकरानंतर, पंख्याखाली पडलं की वरून तव्यासारखी धग येते. जुन्या धाब्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर असायचा, पावसाळ्यात त्यावर गवत उगवायचं, खाली थंड. आता शहरातले लोक ग्रीन रूफ, म्हणजे झाडं लावलेलं हिरवं छत, म्हणतात ते बरंचसं हेच आहे, फक्त नीट थर लावून केलेलं.

उन्हाचा हिशोब विजेच्या युनिटमध्ये केला तर लवकर समजतो. मे महिन्यात आपल्याकडे एक चौरस मीटर छतावर दिवसभरात साधारण ६ ते ७ युनिट इतकी ऊर्जा पडते. हजार स्क्वेअर फुटाचा स्लॅब म्हणजे ९३ चौरस मीटर, म्हणजे रोज साडेपाचशे युनिटच्या वर! यातला बराच भाग काँक्रीट शोषून घेतं आणि रात्री उशिरापर्यंत खाली सोडत राहतं.

झाडं असली की काय होतं? पानं थोडं ऊन परत फेकतात, सावली करतात आणि मुख्य म्हणजे पाणी हवेत सोडतात. आपला वाळ्याच्या जाळीचा कुलर ज्या तत्त्वावर चालतो तेच हे, एक लिटर पाण्याची वाफ व्हायला पाऊण युनिटपेक्षा थोडी कमी उष्णता लागते आणि ती छतावरून घेतली जाते. फरक इतकाच की कुलरचा ओलावा घरात येतो, जूनमध्ये चिकचिक होते, आणि छतावरच्या झाडांचा ओलावा बाहेरच्या बाहेर जातो.

पण पाणी कुठून आणायचं? चौरस मीटरला रोज ३ लिटर धरलं तरी पूर्ण छताला २८० लिटर लागतं, आणि आमच्याकडे मे महिन्यात नळ दिवसाआड आला तरी नशीब समजतात. म्हणून जर्मनीत तयार झालेली पद्धत इथं जशीच्या तशी उचलू नये असं माझं स्पष्ट मत आहे. कॅनडातल्या टोरांटो शहरानं २००९ मध्ये मोठ्या नव्या इमारतींना हिरवं छत सक्तीचं केलं, ते त्यांच्या हवेला ठीक आहे. आपण मात्र हे धरून चालायचं की उन्हाळ्यात छत बरंचसं वाळणार. वाळलं म्हणून वाया गेलं असं नाही, कारण कोरडी भुसभुशीत माती काँक्रीटपेक्षा तीन-चार पट तरी कमी उष्णता पुढे जाऊ देते, धाब्याची घरं भर उन्हाळ्यात थंड राहायची त्याचं हे एक मोठं कारण.

झाडंही तशीच निवडायची. कोरफड, पानफुटी यांची पानावरची छिद्रं बहुतेक रात्री उघडतात, दिवसा बंद, त्यामुळे पाणी कमी उडतं. म्हणजे ही झाडं कुलरसारखा गारवा फार देणार नाहीत, पण जिवंत राहतात आणि माती झाकून ठेवतात, आपल्याला तेच पाहिजे. घोळाची भाजी तर आपोआप येते, पाण्याचा ताण पडला की तीही अशाच पद्धतीवर जाते.

आता वजन, इथं कृपा करून घाई करू नका. वावरातली काळी माती छतावर अजिबात टाकायची नाही, ओली झाली की फुगते, वाळली की भेगा पडतात, आणि १० सेंटीमीटरचा ओला थर चौरस मीटरला १६० ते २०० किलो भरतो, तर चालता-फिरता येईल अशा छताला स्लॅबच्या वजनाशिवाय साधारण १५० किलोच वजन धरून डिझाइन करतात. त्यापेक्षा कंपोस्ट, नारळाचा भुसा, विटांचा चुरा आणि भंडारा-गोंदियाकडे राईस मिलमधला जळका कोंडा असं हलकं मिश्रण करा. त्याच्याखाली वॉटरप्रूफिंग, मुळं अडवणारा जाड प्लास्टिकचा थर, मग निचऱ्याला खडी आणि वर माती अडवणारं कापड. आधी इंजिनिअरला छत दाखवाच. आणि पक्ष्यांच्या विष्ठेतून पिंपळ-वडाचं रोप आलं की त्याच दिवशी उपटायचं, मूळ भेगेत गेलं की स्लॅब फोडतं.

पावसाचा फायदा लोक विसरतात. एका सरीत १० मिलिमीटर पाऊस पडला तर हजार स्क्वेअर फुटाच्या छतावरून ९३० लिटर पाणी एकदम अंगणात धावतं, माती असली की ते बरंचसं थांबतं आणि सावकाश निघतं, शिवाय वॉटरप्रूफिंगला थेट ऊन लागत नाही म्हणून ते जास्त टिकतं.

ज्यांच्याकडे एवढा पैसा नाही त्यांनी निदान चुना मारा, पांढरं छत बरंच ऊन परत फेकतं. आणि टिनाचं घर असेल तर त्यावर माती टाकायचीच नाही, सांदवाडीत, म्हणजे घरामागच्या मोकळ्या जागेत, मोरीच्या पाण्यावर वेल लावा, मुळं खाली जमिनीत, वर टिनापासून हातभर उंच तुराट्यांचा मांडव. छतावर वजन जवळपास काहीच नाही आणि मधून हवा खेळते. मृगात लावलेला दोडका दिवाळीपर्यंत भाजी देतो, वाल पुढे हिवाळ्यात, उन्हाळ्यासाठी मधुमालती लावा, दोन-तीन वर्षांत ती टिन झाकते. वाळलेला पसारा मात्र मार्चमध्ये काढून टाका, चूल आणि विजेची तार जवळ असते.