पगारपत्रकातले दोनशे रुपये आणि वि. स. पागे

महाराष्ट्रातील नोकरदारांच्या पगारातून दरमहा 200 रुपये व्यवसाय कर कापला जातो. हा कर 1975 मध्ये मुख्यतः ग्रामीण मजुरांच्या रोजगार हमीसाठी लागू झाला, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असते. या हमीमागचे नाव विठ्ठल सखाराम पागे यांचे. 1960 ते 1978 अशी अठरा वर्षे ते विधान परिषदेचे सभापती होते. सभापतिपद म्हणजे एरवी मानाचे, पण धोरण आखण्यापासून दूरचे. पागे यांनी याच काळात आपले सारे लक्ष एका प्रश्नावर लावले.

दुष्काळात खडी फोडण्याची कामे काढण्याची रीत इंग्रजांच्या काळापासूनची होती. परंतु ती सरकारची कृपा होती : टंचाई जाहीर झाली तर काम, नाहीतर नाही. शेतमजुराचे हात दुष्काळाविनाही वर्षातले कित्येक महिने रिकामे असतात आणि मागेल त्याला काम देणे हे सरकारचे कर्तव्य आहे, ही पागे यांची भूमिका. तिचा पहिला प्रयोग 1965 मध्ये सांगली जिल्ह्यातील तासगाव परिसरात झाला.

ही योजना 1972 च्या दुष्काळातून जन्मली, असे सर्रास सांगितले जाते. वास्तविक ती दुष्काळाआधीच मंजूर झाली होती. दुष्काळ पडताच ती बाजूला राहिली आणि 1973 च्या उन्हाळ्यात टंचाईच्या कामांवर सुमारे 50 लाख मजूर आले. एवढ्या माणसांना काम देता येते, हे मात्र त्यामुळे सिद्ध झाले. दुष्काळ ओसरल्यावर योजना पुन्हा सुरू झाली. व्यवसाय करातून जमेल तितकीच भर राज्याने घालायची, असे ठरल्याने शहरातला पैसा पाझर तलाव आणि बांधबंदिस्तीकडे वळला. 1977 मध्ये विधिमंडळाने कायदा केला. तो 26 जानेवारी 1979 पासून अंमलात आला. मागणीनंतर पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास दररोज किमान एक रुपया बेकारी भत्ता देण्याची तरतूद त्यात होती. हा भत्ता प्रत्यक्षात क्वचितच कोणाच्या हाती पडला, आणि मस्टरवरील खोट्या हजेरीच्या तक्रारीही योजनेची पाठ सोडत नव्हत्या.

2005 मध्ये संसदेने देशासाठी कायदा केला. त्यातील हमी दर कुटुंबामागे वर्षाला 100 दिवसांची होती. महाराष्ट्राच्या मूळ कायद्याने ती प्रत्येक प्रौढ व्यक्तीला दिली होती, आणि दिवसांची मर्यादा घातली नव्हती.